मिलिमीटरभर तुकडा आणि अठरा तास

उडून आलेली वस्तू काय करू शकते, हे बुलढाणा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक दगड आला, लोणारला आदळला आणि काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा करून गेला. शाळेच्या सहलीत त्या काठावर उभं राहून आपण सगळ्यांनीच फोटो काढलेत.

आज ज्या उडणाऱ्या वस्तूबद्दल बोलायचंय, ती टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असते. तिचा फोटो निघत नाही आणि तिची बातमीही होत नाही. विजेच्या पोलसाठी खड्डा खणताना उडालेली कपची, पाण्याचा पाइप कापताना सुटलेला कण, छिन्नीच्या डोक्यावरून निसटलेली पोलादाची किरच. ती डोळ्यात जाते आणि त्या दिवशी संध्याकाळी एवढंच बोलणं होतं, "काई नाई भाऊ, जरासा कचरा गेला."

हा 'जरासा कचरा' काय असतो, तो का उडतो, त्याची नोंद कुठे होते (खरं तर का होत नाही) आणि यात तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय काम, ते जरा हिशेबानं बघू.

सध्याच का बोलायचं?

गेल्या चार-पाच वर्षांत तुमच्या गावाचा रस्ता किती वेळा खोदला गेला, आठवून बघा. एकदा नळाच्या पाइपसाठी. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ची, आणि त्यानंतर गावोगाव पाइप पडायला लागले. एकदा इंटरनेटच्या केबलसाठी. मग विजेच्या लाइनसाठी. वीज वितरण सुधारण्यासाठी केंद्रानं २०२१ मध्ये आणलेली योजना सुमारे ३ लाख ३ हजार कोटी रुपयांची आहे. नवे फीडर, नवे पोल, नव्या तारा अशी बरीच कामं त्यातून होतात. त्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. सोलर प्रकल्पातली वीज उपकेंद्रापर्यंत न्यायची म्हणजे पुन्हा लाइन आलीच.

शेतकऱ्याला दिवसा वीज हवी. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या गावांना गोडं पाणी हवं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रश्न असा, की या लाइनी टाकतं कोण?

टेंडर घेणारी कंपनी मोठी असते. तिच्या खाली जिल्ह्याचा ठेकेदार, त्याच्या खाली पेटी ठेकेदार, त्याच्या खाली मुकादम आणि सगळ्यात खाली सात-आठ जणांची गँग. या गँगमध्ये कधी मध्य प्रदेशातून, बिहारमधून आलेले मजूर असतात, तर कधी आपल्याच गावची पोरं. आयटीआयचा निकाल लागेपर्यंत, पोलीस भरतीची जाहिरात निघेपर्यंत, परीक्षेची फी जमेपर्यंत 'चार महिने लाइनच्या कामावर' जाणारा एखादा मित्र तुमच्याही वर्गात असेल. कदाचित तुम्ही स्वतःच गेला असाल.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याची जमीन दोन तऱ्हेची. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारकडे वर थोडी माती आणि खाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण.

पोल उभा करताना त्याच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत जातो. नऊ मीटरच्या पोलला दीड मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट. काळ्या मातीत हा खड्डा सब्बल-फावड्यानं निघतो. पाषाणात मात्र छिन्नी, घण किंवा ब्रेकर लागतो. माणूस अर्धा खड्ड्यात उतरलेला, वाकलेला, तोंड दगडापासून दोन हातांवर. अशा अरुंद जागेत दगड फुटला की कपची जाणार कुठे? भिंतीवर नाहीतर तोंडावर.

कुठून कुठून उडतं?

अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा 'ओशा' बांधकामावरच्या जीवघेण्या धोक्यांमध्ये वस्तूचा मार बसण्याला वेगळं स्थान देते. त्यात चार प्रकार धरले जातात. वस्तू वरून पडते, झुलत येऊन धडकते, लोळत येते किंवा उडून लागते. पहिल्या तीन प्रकारांत वस्तू मोठी असते, ती येताना निदान दिसते. चौथी दिसतच नाही. लाइनच्या कामात ती मुख्यतः चार ठिकाणांहून येते.

पहिलं ठिकाण छिन्नी. घणाचे घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं, कडेनं फाकतं. त्या फाकलेल्या कडेवर पुढचा घाव बसला की पोलादाची बारीक किरच सुटते. लोखंडावर लोखंड मारताना सुटलेला हा कण इतका लहान आणि इतका वेगवान असतो, की तो बुबुळातून थेट डोळ्याच्या आत जाऊ शकतो. दुखतंही कमी. म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही.

दुसरं ग्राइंडर. इथे वही काढा, सोपं गणित आहे. चकती १२५ मिलिमीटरची, म्हणजे पाच इंची. परीघ ३९.३ सेंटिमीटर. मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेतं. म्हणजे चकतीची कड मिनिटाला सुमारे ४,३२० मीटर पळते. सेकंदाला ७२ मीटर, ताशी जवळपास २६० किलोमीटर. आपल्या सगळ्यात वेगवान बॉलरचा चेंडू ताशी दीडशेच्या आसपास असतो, आणि त्याच्यासमोर बॅट्समन हेल्मेट, पॅड, गार्ड सगळं घालून उभा राहतो.

आता जुगाड बघा. पाइप जाड आहे, चकती पुरत नाही, म्हणून गार्ड काढून त्याच मशीनवर सात इंची चकती बसवतात. त्या चकतीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. मशीन मात्र ११,००० नेच फिरणार. कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि चकती सहसा २८८ पर्यंतच्याच वेगासाठी बनवलेली असते. ती फुटली तर त्याला 'नशीब' म्हणता येणार नाही. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदतही छापलेली असते. किती जण ती वाचतात?

तिसरं ठिकाण पाइपलाइनची चाचणी. पाइप टाकून झाला की टोकाला झाकण लावून आत दाब देतात, गळती बघतात. २०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटरचं. दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो धरला, तर झाकणावर आतून सुमारे १,८८५ किलोचा रेटा बसतो. दोन लहान कारच्या वजनाइतका. झाकणाला मागून नीट टेकू दिला नसेल तर ते तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. आणि पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरली असेल तर धोका कितीतरी पटीनं वाढतो. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे वाट मिळताच त्याचा दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी उसळते.

चौथी तार. लाइनमनच्या भाषेत तारांना प्राण्यांची नावं आहेत, वीझल, रॅबिट, डॉग. यातली 'रॅबिट' तुटायला साधारण अठराशे किलोचा ताण लागतो. ती ओढायला अनेक ठिकाणी ट्रॅक्टर लावतात. ताणलेली तार किंवा दोर पकडीतून सटकला, की त्याचं टोक चाबकासारखं मागे फिरतं. त्या रेषेत जो उभा असेल, त्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. वस्तू कुठून सुटणार, कुठल्या दिशेनं जाणार आणि किती जोरात, हे आधीच सांगता येतं. जे आधी सांगता येतं, ते आधी थांबवताही येतं.

मोठा अपघात आणि छोटी कपची

२० ऑगस्ट २०२१. सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ, तढेगाव फाट्याच्या परिसरात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळ्या होत्या आणि त्याच गाडीत मजूरही बसलेले होते. १३ मजूर गेले. देशभर बातमी झाली आणि माणसं आणि माल एकाच गाडीतून का नेले, हा प्रश्न विचारला गेला. तो विचारायलाच हवा होता.

पण तेवढ्याच कामांवर, तेवढ्याच मजुरांपैकी किती जणांचा एकेक डोळा अधू झाला, हे तुम्हाला कुठे सापडेल? शोधून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यू मोजतो, पण डोळा गेलेला माणूस जिवंत असतो. कारखान्यांच्या सुरक्षेचं काम पाहणारी केंद्राची संस्था नोंदणीकृत कारखान्यांतल्या इजा मोजते, पण पोलचा खड्डा म्हणजे कारखाना नव्हे. विजेच्या अपघातांची नोंद विद्युत निरीक्षकाकडे होते, पण ज्या लाइनमध्ये अजून वीजच आलेली नाही तिच्या खड्ड्यातली कपची म्हणजे विजेचा अपघात नव्हे.

म्हणजे हा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि सरकारी व्यवस्थेत जो रकान्यात नाही, त्याच्यासाठी बजेटही नाही.

खरं तर कायद्यात रकाना आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात अशी तरतूद होती, की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करू शकला नाही, तर मालकानं ते कळवायचं. व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही ४८ तासांचीच रेषा आहे. डोळा सुजून दोन दिवस घरी बसलेला प्रत्येक मजूर या रेषेच्या पलीकडे जातो. मुकादम त्याला म्हणतो, "दोन दिवस आराम कर, मग ये." झालं, अपघात संपला.

गॉगल आहे, पण खिशात

इथे कुणीतरी म्हणेलच, "पण पोरं गॉगल घालत नाहीत ना!"

खरं आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या एका जुन्या पाहणीत, डोळ्याला इजा झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या तिघांनी संरक्षक चष्मा घातलेला नव्हता. लागलेल्या वस्तूंपैकीही तेवढ्याच प्रमाणात टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान होत्या. म्हणजे ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही.

पण 'घालत नाहीत' इथेच थांबू नका, 'का घालत नाहीत' विचारा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. घामानं काच धुरकट होते. स्वस्त चष्म्यावर आठवड्याभरात ओरखडे पडतात आणि दगडच नीट दिसत नाही. दिसत नसताना घण मारणं हाही धोकाच. आठ जणांत दोन चष्मे दिले असतील तर ते साहेब आल्यावरच निघतात. चष्मा न घालणारा मजूर मूर्ख नाही. त्याला जे दिलंय ते त्याच्या कामाचं नाही.

शिवाय सगळे चष्मे सारखे नसतात. युरोपच्या मानकात 'एफ' खूण असलेला चष्मा सेकंदाला ४५ मीटर वेगानं आलेली पोलादी गोळी सोसतो का, ते तपासलेलं असतं. 'बी' खुणेच्या गॉगलसाठी तोच वेग १२० मीटर. आता मघाचा ग्राइंडर आठवा, सेकंदाला ७२ मीटर. म्हणजे दगड फोडताना चालणारा साधा चष्मा ग्राइंडरपुढे अपुरा पडू शकतो. तिथे बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड हवं. आपल्याकडे डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ५९८३. बाजारातला रंगीत 'स्टाइल'वाला गॉगल यातल्या कशातच बसत नाही.

आणि गॉगल ही शेवटची पायरी आहे. आधी वस्तू उडूच नये असं बघायचं. फुललेली छिन्नी घासून सरळ करायची किंवा फेकून द्यायची. पाइप ग्राइंडरऐवजी पाइप कटरनं कापता येतो का, ते पाहायचं. गार्ड काढायचं नाही. चाचणी पाण्यानंच करायची आणि झाकणासमोर कुणाला उभं करायचं नाही. तार ओढताना तिच्या रेषेतली जागा मोकळी ठेवायची. ब्रेकर चालू असताना बाजूला ताडपत्रीचा किंवा जाळीचा आडोसा लावायचा, कारण बघायला जमलेली लहान पोरंही त्याच पल्ल्यात असतात. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फार लागत नाही. वेळ लागतो. आणि बिलं अडकलेल्या, तारीख उलटून गेलेल्या कामावर सगळ्यात आधी वेळच कापला जातो.

अठरा तासांचं घड्याळ

समजा, तरीही गेलंच डोळ्यात. मग?

नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात एक अभ्यास झाला, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेवकांना शिकवलं गेलं, की डोळ्याला खरचटलं असेल तर ते ओळखा आणि लगेच अँटिबायोटिक मलम सुरू करा. बुबुळावर खरचटल्याची खात्री झालेले ४४२ जण होते. यातल्या ज्या २८४ जणांवर इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झाले, त्यांच्यातल्या एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना संसर्ग झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना. म्हणजे शून्यावरून जवळजवळ दर साडेतिघांत एक.

हे आकडे पाठ करा. परीक्षेत येणार नाहीत, पण कुणाचा तरी डोळा वाचवतील.

आता आपल्याकडचा दिवस लावून बघा. लोणार तालुक्यातल्या एखाद्या शिवारात दुपारी चारला डोळ्यात कपची गेली. काम सहाला सुटतं. मुक्कामाला येईस्तोवर आठ. रात्री डोळा चुरचुरतो. कुणी रुमालाचं टोक फिरवतं, कुणी मध घालायला सांगतं, कुणी जिभेनं कचरा काढणाऱ्या आजीकडे नेतं. सकाळी हजेरी बुडू नये म्हणून पुन्हा कामावर. दहा वाजले की अठरा तास संपले. त्या संध्याकाळी मेडिकलवरून 'लाल डोळ्याचे ड्रॉप' येतात. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत संसर्ग वाढत राहतो.

म्हणून नियम साधे ठेवा. डोळा चोळायचा नाही. धूळ-माती गेली असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. घण, छिन्नी किंवा ग्राइंडरवर काम करताना काही लागलं असेल तर डोळ्यावर दाब द्यायचा नाही, रुतलेलं काही ओढून काढायचं नाही. डोळ्यावर कागदी कप उलटा धरून चिकटवायचा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि तिथे एक वाक्य आठवणीनं सांगायचं, "लोखंडावर लोखंड मारताना लागलं." त्या एका वाक्यानं डॉक्टर आत कण आहे का ते शोधतात. लोखंडाचा कण आत राहिला तर तो हळूहळू गंजत दृष्टी घालवू शकतो, आणि तो आत असताना एमआरआय केला तर चुंबकामुळे हलू शकतो.

एका डोळ्याची किंमत कायद्यात किती?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यात सामावले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, असं त्यात आहे. लाइनच्या गँगमध्ये हे खरंच झालं, तर मोठी गोष्ट होईल. कारण आज अपघातानंतर पहिला प्रश्न हाच येतो, "हा आमच्याकडे होता याला पुरावा काय?"

पण काही दारं अरुंदही झाली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांपासून लागू व्हायच्या, आता ५० पासून. सुरक्षेची संहिता साधारणपणे १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागते. कागदावर प्रत्येक टोळी वेगळी दाखवली की आठ जणांची गँग या सगळ्याच्या खालून निसटते.

भरपाईच्या कायद्याला मात्र अशी डोकी मोजावी लागत नाहीत. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत टेलिफोनची लाइन, विजेची तार आणि खांब उभारणारा कामगार स्पष्ट लिहिलेला होता. भरपाई मोजायची ती रीत नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पुढे आली आहे. कामामुळे, काम करताना इजा झाली, एवढं पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदारानं हात वर केले तर ज्याच्यासाठी काम चाललंय त्या मूळ मालकाकडेही मागता येतं. ईएसआय लागू असेल तर मार्ग वेगळा, पण हक्क आहेच.

हिशेब करू. वय २२, रोज ५०० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १३,०००. (यासाठी २०२० पासून धरलेली कमाल मजुरी १५,००० आहे.) त्याचे ६० टक्के ७,८००. बावीस वर्षांसाठीचा गुणक २२१.३७. गुणाकार १७,२६,६८६. एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसरा चांगला आहे, डोळ्यात इतर गुंतागुंत नाही, तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं कायदा धरतो. म्हणजे सुमारे ५ लाख १८ हजार रुपये. वेळेत दिले नाहीत तर व्याज आणि दंड वेगळा.

आता मुकादम गाडीभाडं आणि हातावर पाच-दहा हजार ठेवतो, तेव्हा त्यानं किती वाचवले ते तुम्हीच काढा.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. दिलेलं सुरक्षा साधन कामगारानं मुद्दाम काढून टाकलं, असं मालकानं सिद्ध केलं तर अशा अंशतः अपंगत्वाची भरपाई नाकारता येते. म्हणून 'गॉगल दिला' या रजिस्टरवर सही करताना तो खरंच हातात आला का, ते बघायचं. न मिळालेल्या वस्तूवर केलेली सही पुढे त्याच माणसाच्या विरोधात वापरली जाते.

अजून एक. १९९६ च्या कायद्यात 'बांधकामा'ची व्याख्या विजेच्या लाइनी, टेलिफोन, पाइपलाइन या सगळ्यांना धरून होती. म्हणजे पोल टाकणारा मजूरही बांधकाम कामगार. वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होऊ शकते. आपल्याकडे मंडळ म्हटलं की पेटी आणि भांडी आठवतात. पण त्या नोंदणीमुळे 'हा कामगार आहे' याचा एक सरकारी कागद तयार होतो, आणि मुलांच्या शिक्षणाला मदतही मिळते.

मग तुम्ही काय कराल?

घरातलं किंवा वर्गातलं कुणी लाइनच्या कामावर जात असेल तर आज रात्री चार गोष्टी विचारा. मुख्य ठेकेदाराचं नाव माहीत आहे का? हजेरीचा किंवा पगाराचा एखादा फोटो, मेसेज फोनमध्ये आहे का? चष्मा स्वतःचा आहे की दोघांत एक? जवळचा डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो? नावं आणि मेसेज जपून ठेवणं हा आपल्या पिढीला सहज जमणारा पुरावा आहे.

इजा झालीच तर केसपेपरवर 'कामावर असताना' हे शब्द लिहून घ्या. नंतर हे जोडता येत नाही. मग सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे कामगाराला मोफत वकील मिळू शकतो. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, पण तेवढी वाट बघायचं काहीच कारण नाही.

एनएसएसमध्ये असाल तर हिवाळी शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एक संध्याकाळ अठरा तासांच्या घड्याळाला द्या. शाळेच्या फळ्यावर ते तीन आकडे लिहा, गावातल्या आशाताईंना सोबत घ्या. इंजिनीअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला असाल तर फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधतच असाल. पाच फुटी खड्ड्यात उतरलेल्या माणसासाठी हलकं, घडीचं, कपची अडवणारं शील्ड करून बघा. घामात धुरकट न होणारा चष्मा कुठला, ते चार गँगना वापरायला देऊन तपासा.

आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तर कुणीही करू शकतं. तुमच्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत झालेल्या लाइन आणि पाइपच्या कामांवर किती अपघात कळवले गेले? टेंडरमध्ये सुरक्षा साधनांची अट काय होती? उत्तर तीस दिवसांत यायला हवं. उत्तर 'निरंक' आलं तर आपल्या गावातले डोळे अधू झालेले मजूर मोजा आणि तो आकडा त्या कागदाशेजारी ठेवा. रकाना तिथून भरायला सुरुवात होईल.

पुढच्या वेळी कॉलेजला जाताना रस्त्याच्या कडेला पोलचा खड्डा चालू दिसला, तर गाडी जरा हळू करा. आत वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर काही आहे का, तेवढं बघा. नसेल तर थांबून विचारा. तो कदाचित म्हणेल, "काई होत नाई, भाऊ." तेव्हा त्याला अठरा तासांची गोष्ट सांगा.